बाबांनी घेतलेला शेअर खूप वाढलाय: ठेवावा, कमी करावा, की आणखी घ्यावा?

विश्वामित्री

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहिते आहे.

बाबांनी नव्वदच्या दशकात एबीबी या विजेची यंत्रसामग्री बनवणाऱ्या कंपनीचे शेअर घेतले होते. मणेजाच्या कारखान्यात त्यांचे मित्र होते आणि कंपनी डोळ्यांदेखत वाढत होती, एवढ्या भरवशावर. बाबा गेल्यावर ते आईच्या नावावर झाले. पुढे कंपनीने वीजवहनाचा धंदा वेगळा काढला, दर पाच शेअरमागे नव्या कंपनीचा एक शेअर मिळाला, आणि तो २०२० च्या मार्चअखेर, ऐन टाळेबंदीत, बाजारात आला. तीच आजची हिताची एनर्जी. तेव्हा भाव हजाराच्या आत होता, २०२५ मध्ये पंधरा हजारांच्या वर गेला. आज आईच्या सगळ्या शेअरांची किंमत काढली तर निम्म्याहून जास्त या दोन नावांतच आहे.

भाऊ पुण्याला असतो. तो म्हणतो सगळं विकून टाक. आई म्हणते, "तुझ्या बाबांनी घेतलंय, मला हात लावायचा नाही." मला दोन्ही पटत नाही, पण मधलं काय ते ठरवता येत नाही. कमी करायचं तर किती, आणि कशाच्या आधारावर?

दुसरं माझ्या स्वतःच्या खात्याबद्दल. मला वाढत्या कंपन्यांचे शेअर घ्यायचेत. ते घ्यायची वेळ कशी ओळखायची? "पडल्यावर घे" असं सगळे सांगतात, पण पडलेला प्रत्येक शेअर घेण्यासारखा नसतो एवढं कळतं.

शांतारस

आईंचं ऐका. बाजारात ज्यांनी खरी संपत्ती केली ती चांगली कंपनी न विकून केली. इन्फोसिसचा शेअर १९९३ मध्ये ९५ रुपयांना आला. तो दुप्पट झाला, चौपट झाला, आणि प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी "आता पुरे" म्हणून बाहेर पडलं. जे बसून राहिले त्यांच्या पुढच्या पिढीची सोय झाली.

बजाज फायनान्स बघा. २०२० च्या फेब्रुवारीत शिखरावर होता, मेपर्यंत निम्म्याहून जास्त पडला. वर्ष संपेस्तोवर जुन्या शिखराला परत पोचला. मधल्या महिन्यांत ज्याने विकला तो परत आत शिरू शकला का? फार थोडे शिरले. चांगला शेअर विकल्यावर दुसरा शोधावा लागतो, आणि तो तितकाच चांगला निघेल याची खात्री कोण देणार?

तिमाही

शांतारस, इन्फोसिसची गोष्ट अर्धीच सांगितलीत. उरलेली अर्धी या धाग्यासाठी जास्त महत्त्वाची आहे.

२००० च्या मार्चमध्ये इन्फोसिस शिखरावर होता. पुढच्या दीडेक वर्षात तीन-चतुर्थांशाहून जास्त पडला आणि मधे मिळालेले बोनस (जादा) शेअर हिशेबात धरूनही तो भाव परत दिसायला २००६ उजाडलं. या सहा वर्षांत कंपनीचं काही बिघडलं होतं का? अजिबात नाही. २००० च्या आर्थिक वर्षात नफा ३०० कोटींच्या आत होता, २००६ मध्ये २४०० कोटींच्या आसपास. नफा आठ पट आणि भाव तिथल्या तिथे. कंपनीबद्दलचा अंदाज शंभर टक्के बरोबर ठरूनही गुंतवणूकदाराच्या हाती सहा वर्षांत काही लागलं नाही, कारण शिखरावर पीईच (शेअरचा भाव त्यामागच्या वार्षिक नफ्याच्या किती पट आहे तो आकडा) अवाच्या सवा होता.

म्हणून विश्वामित्री, "कंपनी चांगली आहे का" आणि "आजच्या भावात किती वर्षांची वाढ आधीच मोजून घेतली आहे" हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. दुसऱ्याचं उत्तर पाटी-पेन्सिलवर निघतं. हिताची एनर्जीचा पीई २०२५ मध्ये दोनशेच्या वर गेला होता. समजा भाव पुढची पाच वर्षं जागचा हललाच नाही आणि नफा दरवर्षी ३० टक्क्यांनी वाढला, तर नफा ३.७ पट होईल आणि दोनशेचा पीई ५४ वर येईल. दरवर्षी ४० टक्के वाढ धरली तर नफा ५.४ पट, पीई ३७. म्हणजे पाच वर्षं सलग ४० टक्के नफावाढ झाल्यावर कुठे पीई चांगल्या पण साध्या कंपनीच्या पातळीवर येतो, आणि तोवर तुमचा एक रुपयाही वाढलेला नसतो.

याच्या शेजारी दुसरी कंपनी ठेवा. पीई ५०, नफावाढ २० टक्के. पाच वर्षांत नफा अडीच पट. पीई घसरून ४० झाला तरी पैसे दुप्पट. मी हे गणित केल्याशिवाय घेत नाही, ठेवत नाही आणि विकतही नाही.

पहिली कंपनी पडणारच असं मी म्हणत नाहीये. तिला चुकायला जागा राहिलेली नाही, एवढंच. एखादी तिमाही जरा मंद गेली तरी असा शेअर वीस टक्के उतरतो.

मकरपुराकर

विश्वामित्रीताई, मी या धंद्यात आयुष्य काढलं आहे. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात दर्जातपासणी बघायचो, आता निवृत्त आहे. शेअरबाजारातलं तिमाहींना जास्त कळतं, मी कारखान्याच्या बाजूने लिहितो.

आत्ताची मागणी खरी आहे. २०३० पर्यंत ५०० गिगावॉट बिगर-जीवाश्म वीजक्षमतेचं देशाचं उद्दिष्ट आहे. ती वीज कच्छ-राजस्थानात तयार होणार आणि हजार किलोमीटरवर वापरली जाणार. खावड्याहून नागपूरला ६००० मेगावॉटची उच्चदाब एकदिश प्रवाहाची वाहिनी होते आहे, त्या कामात हिताची आणि भेल ही सरकारी कंपनी मिळून आहेत. हिताचीची हातातली मागणी २०२५ च्या मार्चअखेर १९ हजार कोटींच्या वर होती, म्हणजे सुमारे तीन वर्षांच्या विक्रीइतकी. त्या वर्षी नफाही आधीच्या वर्षाच्या दुपटीहून जास्त झाला. हे सगळं कागदावरचं नाही, कारखान्यात काम दिसतंय.

पण मी या धंद्याचे दुसरे दिवसही बघितले आहेत. २००८ च्या आधीच्या तेजीत आमच्या पट्ट्यात जो तो नवी शेड बांधत होता. ती क्षमता तयार झाली तेव्हा राज्यांच्या वीजमंडळांकडे पैसे नव्हते. वरच्या दाबाच्या ट्रान्सफॉर्मरांत चिनी आणि कोरियन कंपन्या कमी भावात निविदा भरत होत्या. बरीच वर्षं कारखाने अर्ध्या क्षमतेवर चालले, मिळेल त्या भावात काम घेतलं. वीजमंडळांची कर्जं सावरायला २०१५ मध्ये केंद्राला उदय योजना आणावी लागली, यावरून त्यांची अवस्था समजा.

म्हणून "वाढती कंपनी" म्हणताना वाढ कुठल्या जातीची ते बघा. टूथपेस्ट दर महिन्याला संपते. ट्रान्सफॉर्मर एकदा बसवला की पंचवीस-तीस वर्षं चालतो. अशा धंद्यात मागणी लाटेने येते. लाट मोठी आणि लांब असू शकते, आत्ताची तशीच वाटते, पण तिला सरळ चढती रेघ समजून पंचवीस वर्षांची किंमत देऊ नये.

मी काय बघतो ते सांगतो. ग्राहक आगाऊ रक्कम देतोय का? देत असेल तर बाजू कारखान्याची आहे. आगाऊ रक्कम आटली, येणं लांबायला लागलं की वारं बदललं. दुसरं, करारात भावबदलाचं कलम आहे की ठराविक किमतीवर काम घेतलंय? इएमा, म्हणजे आमच्या उद्योगाची संघटना, दर महिन्याला तांबं, कोअरचं पोलाद, तेल यांचे दर जाहीर करते आणि त्यावरून बिलाची रक्कम ठरते. हे कलम नसेल तर तांबं महागलं की नफा गेला. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, पूर्ण उद्योगात मिळून किती नवी क्षमता येते आहे? एकट्या आपल्या कंपनीची नव्हे. आज सगळेच विस्तार करताहेत. ती क्षमता चालू व्हायला दोन-तीन वर्षं लागतील. तोवर भाव चांगले मिळतील असं माझं मत आहे, त्यानंतरचं आज कुणीच छातीठोक सांगू नये.

आणखी एक. एबीबी आणि हिताची ही दोन नावं असली तरी दोघांचं नशीब बऱ्याच अंशी एकाच गोष्टीवर अवलंबून आहे, ती म्हणजे देशातला भांडवली खर्च. हिशेब करताना दोन्ही एकत्र धरा.

अकोटा_पूल

काका, हा प्रतिसाद जपून ठेवतोय. एर्डा या तपासणी संस्थेसमोरून रोज जातो, आत नक्की कशाची तपासणी होते ते कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

मकरपुराकर

अवश्य विचारा. एर्डा १९७४ पासून आहे. विजेच्या उपकरणांच्या चाचण्या तिथे होतात. त्या चाचण्यांत पास झाल्याशिवाय बरेच ग्राहक मालाला हात लावत नाहीत, म्हणून नव्या माणसाला या धंद्यात शिरायला वेळ लागतो. जुन्या कंपन्यांना मिळणाऱ्या भावामागे हेही एक कारण आहे.

दांडियाबाजार

आमच्याकडे वडीलधारे एकच सांगतात. शेअर दुप्पट झाला की निम्मे विकून मूळ रक्कम काढून घ्या, उरलेले फुकटचे. मग ते वर जावोत की खाली, झोप लागते. सयाजीगंजात आपला बडोद्याचा शेअरबाजार होता तेव्हापासून हेच ऐकत आलोय. तो २०१५ मध्ये बंद झाला, पण नियम टिकला.

तिमाही

दांडियाबाजार, वडीलधाऱ्यांचा मान ठेवून सांगतो, हा नियम मला धोक्याचा वाटतो. फुकटचा शेअर नावाची वस्तू नसते. आज खात्यात दहा लाखांचे शेअर दिसत असतील तर ते दहा लाख आहेत, मग १९९५ मध्ये त्यासाठी पाच हजार गेले असोत की पाच लाख. "फुकटचे" म्हटलं की माणूस त्यांच्याकडे बघणं सोडतो. येस बँकेचा शेअर २०१८ मध्ये शिखरावर असताना अनेकांकडे असे "फुकटचे" शेअर होते. ५ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तोवर त्यांतलं जवळजवळ सगळं गेलं होतं.

उलट बाजूनेही हा नियम नडतो. पीई वाजवी आहे, नफा वाढतोय, फक्त भाव दुप्पट झाला म्हणून निम्मे विकले, तर शांतारस म्हणतात ती चूक होते. खरेदीचा भाव फक्त प्राप्तिकराच्या हिशेबापुरता लक्षात ठेवावा. ठेवायचं की विकायचं या निर्णयात त्याला जागा नाही.

शांतारस

इथे मी तिमाहींशी सहमत. भाव दुप्पट होणं हे विकायचं कारण नव्हे. पण पीई जास्त आहे हेही पुरेसं कारण नाही असं मला अजून वाटतं. पन्नास-साठच्या पीईला "महाग" म्हणून सोडलेल्या कितीतरी कंपन्या नंतर दहा पट झाल्या.

तिमाही

झाल्या. ज्यांचा नफा दहा पट झाला त्या झाल्या. पन्नास आणि दोनशे यांत मात्र फरक आहे, पन्नासचा पीई चांगली वाढ चारपाच वर्षांत पचवते.

अकोटा_पूल

मग घ्यायचं कधी? डीमार्टबद्दल विचारतो. आमच्या जवळच्या दुकानात रविवारी ट्रॉली मिळत नाही इतकी गर्दी. शेअर मात्र वर्षानुवर्षं तिथेच.

तिमाही

वर लिहिलेल्या गणिताचं हे आपल्या पिढीतलं उदाहरण. मार्च २०१७ मध्ये २९९ ला विक्रीला आला, पहिल्याच दिवशी सहाशेच्या वर उघडला. ज्यांना वाटपात मिळाला नाही आणि ज्यांनी त्या दिवशी "महाग" सहाशेला घेतला, त्यांचेही २०२५ पर्यंत सहापटीहून जास्त झाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये ज्याने ५९०० च्या आसपास घेतला तो २०२५ मध्ये तोट्यात होता. आर्थिक वर्ष २०२१ ते २०२५ मध्ये कंपनीचा नफा सुमारे ११०० कोटींवरून २७०० कोटींवर गेला. दुकानं वाढली, गर्दी वाढली, सगळं वाढलं. २०२१ मध्ये पीई दोनशेच्या वर होता, एवढीच अडचण.

एशियन पेंट्सचं वेगळं. जानेवारी २०२२ मध्ये साडेतीन हजारांच्या वर होता, मग उतरत गेला. २०२४ च्या फेब्रुवारीत बिर्ला ओपस हा तगडा स्पर्धक उतरला आणि २०२५ च्या आर्थिक वर्षात कंपनीचा नफा जवळपास एक तृतीयांश घटला. डीमार्टमध्ये भाव चुकला होता, धंदा नाही. इथे धंद्याचीच परिस्थिती बदलली. दोन्ही शेअर "पडलेले" दिसतात, पण पहिल्यात वाट बघणं हे उत्तर असू शकतं. दुसऱ्यात आधी शोधावं लागतं की स्पर्धेनंतर कंपनीला पूर्वीसारखा भाव मिळणार का.

माझी पद्धत विचारलीत तर, घ्यायच्या रकमेचे तीन भाग करतो. पहिला भाग गणित जमलं की. दुसरा त्यानंतरच्या दोन तिमाही निकालांत विक्री आणि नफा म्हटल्याप्रमाणे वाढलेला दिसला की, मग भाव वर गेलेला असला तरी. तिसरा भाग राखून ठेवतो. सगळा बाजार पडतो आणि कंपनीचं काही बिघडलेलं नसतं अशा दिवसांसाठी. २०२४ च्या सप्टेंबरअखेर निफ्टी २६ हजारांच्या वर होता, २०२५ च्या मार्चमध्ये २२ हजारांच्या आसपास आला. असे दिवस येतात.

आणि घेण्याआधी एक तपासणी. पाच वर्षांचा नफा एकत्र करा, पाच वर्षांत धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोकड एकत्र करा. रोकड नफ्याच्या फार मागे असेल तर वाढ उधारीवर चालली आहे, तिथे मी थांबतो. घेतल्या दिवशीच वहीत लिहितो की हा शेअर का घेतला आणि काय झालं तर विकीन. लिहिलेलं नसलं की भाव पडल्यावर मन नवी कारणं शोधून काढतं.

विश्वामित्री

सगळ्यांचे मनापासून आभार. आई ७४ वर्षांची आहे. बाबांचं थोडं निवृत्तिवेतन, मांडवीच्या बँकेत मुदतठेवी. घर स्वतःचं आहे, पण छताचं काम काढावं लागणार, गुडघ्याचं ऑपरेशनही डॉक्टरांनी सुचवलंय. हे दोन्ही खर्च ठेवींतून निघतील, पण मग ठेवी जवळजवळ संपतील.

मकरपुराकर

हे आधी लिहायला हवं होतंत ताई, कारण उत्तर इथेच आहे. कंपनीचं काय होईल यावर आम्ही इथे महिनाभर वाद घालू शकतो. आईंना पुढच्या तीन-चार वर्षांत लागणारा पैसा शेअरात ठेवायचा नाही, यावर वाद नाही.

तिमाही

पूर्ण सहमत. आणि प्रमाण बघा. निम्मी किंमत या दोन शेअरांत असेल आणि ते ६० टक्के पडले, तर आईंच्या एकूण शेअरगुंतवणुकीतले ३० टक्के गेले. तेच दोन शेअर चौथाईवर आणले तर १५ टक्के जातील. चौथाई ठेवूनही लाट पुढे चालली तर फायदा आहेच. तुमच्या भावाचं "सगळं विक" मलाही पटत नाही, कारण उद्याची खात्री त्यांनाही नाही.

शांतारस

गुडघ्याचं आणि छताचं कळल्यावर मीही माझं मत बदलतो. ज्याला पैशाची गरज नाही त्याने बसून राहावं. आईंनी ठेवी मोडून शेअर जपणं बरोबर नाही.

राजवाडा_इंदूर

इंदूरहून, व्यवसायाने सीए. कराची बाजू लिहितो, कारण घाईत विकलं तर उगाच जास्त कर जातो.

वर्षाहून जास्त ठेवलेल्या सूचीबद्ध शेअरांवरच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के कर आहे, आणि त्यावर उपकर. एका आर्थिक वर्षातला पहिला सव्वा लाखाचा नफा करमुक्त. ही सवलत १ एप्रिलला नव्याने मिळते. म्हणून मार्चमध्ये थोडे आणि एप्रिलमध्ये थोडे विकले तर दोन वर्षांची सवलत वापरता येते.

बऱ्याच ज्येष्ठ नागरिकांना माहीत नसलेली गोष्ट अशी की, आईंचं बाकीचं उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेपेक्षा कमी असेल तर उरलेली मर्यादा या नफ्यापुढे वापरता येते. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून ती मर्यादा ४ लाख आहे. निवृत्तिवेतन आणि व्याज मिळून समजा अडीच लाख होत असतील, तर दीड लाख अधिक सव्वा लाख, म्हणजे पावणेतीन लाखांच्या नफ्यापर्यंत कर नाही.

खरेदीची तारीख आणि किंमत काढताना काळजी घ्या. वारशाने आलेल्या शेअरला बाबांची खरेदीची तारीख लागते. वेगळ्या झालेल्या कंपनीच्या शेअरची किंमत मूळ एबीबीच्या किमतीतून ठरलेल्या प्रमाणात वाटून काढायची असते. ३१ जानेवारी २०१८ च्या भावाची सवलत (त्या तारखेपर्यंतची वाढ करातून वगळणारी) एबीबीला सरळ लागते, हिताचीचा शेअर तेव्हा अस्तित्वात नव्हता म्हणून त्याचा नियम वेगळा. हा हिशेब कागद समोर ठेवून आपल्या सीएकडूनच करून घ्या.

मिळालेल्या रकमेतून ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज दर तिमाहीला खात्यात येतं.

विश्वामित्री

काल आईशी बसून बोलले. भाऊ फोनवर होता. शेवटी असं ठरलं: दोन्ही मिळून आईच्या शेअरांच्या चौथाईपर्यंत आणायचे. हिताचीतून जास्त विकायचे, एबीबीतून कमी. पहिला भाग मार्चमध्ये, दुसरा एप्रिलमध्ये, उरलेला पुढच्या वर्षभरात, तिमाही निकाल बघत. पहिल्या विक्रीतून छत आणि गुडघा. ठेवी मोडायच्या नाहीत. आई आधी गप्प होती, मग म्हणाली, "बाबांनी हे माझ्यासाठीच ठेवलं होतं ना, मग माझ्या गुडघ्याला लागू दे." उरलेल्या शेअरांसाठी मकरपुराकर काकांचे तीन प्रश्न वहीत लिहून घेतलेत, दर निकालानंतर तपासणार.

एक शंका राहिली. मार्चच्या शेवटच्या दिवशी विकले आणि पैसे एप्रिलमध्ये आले, तर कुठलं वर्ष धरायचं?

राजवाडा_इंदूर

ज्या दिवशी बाजारात व्यवहार झाला ती तारीख, दलालाच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवर असते ती. पैसे पुढच्या कामकाजाच्या दिवशी आले तरी फरक पडत नाही. पण ३१ मार्चपर्यंत थांबू नका. आईंच्या खात्याची केवायसी, मोबाइल क्रमांक, नामनिर्देशन हे आधी तपासा. बरीच वर्षं न वापरलेल्या डिमॅट खात्यात विक्रीच्या दिवशी नेमकं काहीतरी अडतं, आणि ते सोडवायला आठवडा जातो.